पीक तयार झाले, हे ठरवायचे कोणी? गांजाच्या काढणीचा इतिहास

१/ यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याची काळी जमीन कपाशीची. पीक केव्हा काढावे, हा प्रश्न येथे बहुधा पीकच सोडवते. बोंड फुटले की वेचणी लागते आणि सीतादहीची पूजा होऊन पहिला कापूस घरी येतो. ज्वारीचा दाणा दुधाळ असेल तर हुरड्याचा, टणक झाला की सोंगणीचा. तुरीची शेंग वाळून खुळखुळू लागली की विळा चालतो. भारतीय शेतीच्या इतिहासात एक पीक मात्र असे होते, की त्याच्या काढणीची वेळ शेतकऱ्याबरोबर पारखी, अबकारी अधिकारी, रसायनशास्त्रज्ञ आणि अखेरीस न्यायालये यांच्याही विचाराचा विषय ठरली. ते पीक म्हणजे गांजा. त्या 'वेळेचा' हा इतिहास.

२/ प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे इष्ट. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत, झाड एकच. पानांची ती भांग, मादी झाडाच्या शेंड्यावरचा राळेने माखलेला फुलोरा तो गांजा, आणि वेगळी काढलेली राळ तो चरस. पश्चिम किनाऱ्यावर या वनस्पतीची सविस्तर दखल छापील ग्रंथात घेतली गेली ती १५६३ मध्ये. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवरील आपल्या ग्रंथात 'बांग' या नावाने तिचे एक प्रकरणच लिहिले.

३/ या भेदातच काढणीचे मर्म आहे. पान फार काळ मिळत राहते. फुलोरा मात्र काही आठवड्यांचाच पाहुणा. तो कोवळा असता राळ अपुरी. वेळ टळली की तो वाळतो, झडतो, त्याचा कस उतरतो. त्यातही आणखी एक अट होती. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. नराचा पराग मादीच्या फुलावर पडला की झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते आणि गांजाची प्रत घसरते. म्हणजे शेतकऱ्याला दोन वेळा साधाव्या लागत: नर उपटण्याची आणि मादी कापण्याची. पहिली चुकली तर दुसरीला फारसा अर्थ उरत नसे.

४/ हा पेच केवळ भारतीय नव्हता. युरोपात हीच वनस्पती दोर आणि कापडाच्या तंतूसाठी पिकत असे. इंग्रज शेतकरी लवकर उपटावयाच्या झाडांना 'फिंबल' म्हणजे मादी म्हणत आणि बियांसाठी राखलेल्या दणकट झाडांना 'कार्ल' म्हणजे गडी म्हणत. वस्तुस्थिती नेमकी उलट होती: फिंबल हे नर आणि कार्ल ही मादी. नावे चुकली होती, पण काढणीचा क्रम अचूक होता. जॉर्ज वॉशिंग्टन याने ऑगस्ट १७६५ मधील आपल्या रोजनिशीत, नर-मादी झाडे वेगळी करण्यास जरा उशीरच झाला, अशी नोंद केली आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसालाही ही वेळ साधता आली नव्हती.

५/ भारतात ही कला पराकोटीला पोहोचली ती बंगालमध्ये, राजशाही भागातील नौगाव येथे. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. तेथील 'गांजा महाल' म्हणजे सरकारी परवान्याने गांजा पिकविणारा ठरावीक टापू. ऑगस्टमध्ये वाफ्यात बी पडे. पाऊस ओसरू लागला की रोपांची लावणी होई. नोव्हेंबरच्या सुमारास कळ्या डोकावू लागत. नेमक्या त्या वेळी शेतात एका विशेष माणसाला बोलावले जाई. त्याला 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हणत.

६/ परखदाराचे काम एकच: कळी उमलण्यापूर्वी नर झाड ओळखणे आणि ते उपटून टाकणे. अननुभवी डोळ्याला त्या अवस्थेत दोन्ही झाडे सारखीच दिसतात. परखदार ओळीओळीने फिरे, शेंडा पाहून झाड मोडत जाई. मागून शेतकरी ती उपटून टाकत. एकदा फिरून भागत नसे. पुन्हा पुन्हा फेऱ्या घालाव्या लागत, कारण काही नर झाडे मागून उघडी पडत. थोडी जरी राहिली तरी सबंध शेतात बी धरण्याचा धोका असे. सरकारी अहवालांत या माणसाला इंग्रज अधिकाऱ्यांनी 'गांजा डॉक्टर' असे म्हटले आहे. त्याच्याजवळ पदवी नव्हती, ग्रंथ नव्हता. होती ती नजर.

७/ या नजरेची पहिली मोठी सरकारी नोंद १८७७ ची. हेमचंद्र कर या बंगाली डेप्युटी कलेक्टरने बंगालमधील गांजाच्या लागवडीवर आणि व्यापारावर अहवाल लिहिला. दुसरी १८९३ ची, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन या शास्त्रज्ञाची. शेतकऱ्याच्या तोंडी असलेले ज्ञान प्रथमच कागदावर येत होते. त्यामागे केवळ जिज्ञासा नव्हती. गांजावर कर होता, आणि ज्यावर कर आहे ते नेमके केव्हा, कोठे आणि किती तयार होते, हे सरकारला जाणून घ्यावयाचे होते.

८/ नौगावात काढणी जानेवारी-फेब्रुवारीत होई. खालची पाने गळू लागणे, फुलोऱ्याचा हिरवा रंग उतरून तो पिवळट-तपकिरी होणे, बोटांना राळ चिकटणे, अशी तिची लक्षणे. कापलेल्या फांद्या उन्हात आणि दवात ठेवल्या जात, मग पायांनी तुडवून किंवा हातांनी वळून त्यांना आकार दिला जाई. तुडविलेला तो 'चपटा', वळलेला तो 'गोल', आणि गळालेला चुरा तो 'चूर'. या तिन्हींवरील कराचे दर वेगवेगळे होते, कारण चपट्यात काड्या अधिक, चुरात जवळजवळ नाहीत. शेतकऱ्याच्या पायाखाली काय घडते, त्याचा थेट संबंध सरकारी खजिन्याशी जोडलेला होता.

९/ मराठी मुलखाकडे वळू. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा या पिकासाठी प्रसिद्ध होता. साताऱ्यातही लागवड होती. मध्य प्रांतात खांडवा हे प्रमुख केंद्र. तेथे लागवड ठरावीक क्षेत्रात आणि सरकारी देखरेखीखाली होई. नौगावचा परखदार इकडे नव्हता, पण नर झाडे काढण्याची रीत इकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक होती. पावसाच्या आरंभी पेरणी आणि थंडीत काढणी, असा हंगाम. म्हणजे कपाशी आणि तुरीबरोबरच हे पीक शेतात वाढत असे आणि त्यांच्याबरोबरच हाताशी येत असे.

१०/ आणि केळापूर? १८९३ मध्ये हा तालुका 'वणी' जिल्ह्यात होता. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये आले. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेले, पण नावापुरते निजामाचेच. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की हैदराबाद संस्थान. जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदीपलीकडे मध्य प्रांतातील चांदा. एका जिल्ह्याच्या सीमेवर तीन अबकारी व्यवस्था भिडत होत्या. नदीच्या एका काठावर जो माल परवान्याचा, तोच दुसऱ्या काठावर चोरटा. पीक मात्र दोन्ही काठांवर एकाच पंधरवड्यात तयार होणार. झाडाला सरहद्द ठाऊक नसते.

११/ सरकारची खरी अडचण येथेच होती. दारू भट्टीत गाळली जाते; भट्टीवर पहारा बसविता येतो. गांजा शेतात तयार होतो आणि कापणीच्या त्या थोड्या आठवड्यांत तो कोठेही जाऊ शकतो. म्हणून बंगालमध्ये शेतांची मोजणी होई, उभ्या पिकाचा अंदाज घेतला जाई, माल सरकारी गोलांत म्हणजे कोठारांत जाई. तरी वाळताना वजन घटते, ते किती धरावे, हा वाद उरेच. ओला शेंडा आणि वाळलेला गांजा यांतील तफावत म्हणजे चोरीची वाटही असू शकत होती आणि प्रामाणिक शेतकऱ्यावरचा अन्यायही.

१२/ २ मार्च १८९३. ब्रिटिश लोकसभेत मद्यपानविरोधी चळवळीतील खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाच्या व्यापाराविषयी आणि त्याच्या परिणामांविषयी प्रश्न उपस्थित केला. चौकशी प्रथम बंगालपुरती योजली होती. ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानपर्यंत वाढविण्यात आली. जुलैमध्ये आयोग नेमला गेला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्याची पहिली बैठक झाली. हाच 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'.

१३/ अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ओमनी, मध्य प्रांतातील छत्तीसगड विभागाचे आयुक्त अँड्रू फ्रेझर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन, आणि तीन भारतीय: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते नोंदविली: अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, मिशनरी, ठेकेदार, शेतकरी. अहवाल १८९४ मध्ये सिद्ध झाला. जगात गांजावर तोवर झालेली ही सर्वांत मोठी चौकशी होती.

१४/ निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक, असे आयोगाने म्हटले. गांजामुळे वेड लागते या समजुतीला पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी दाखविल्या जात. आयोगाने त्या तपासल्या आणि पुष्कळ ठिकाणी 'कारण' हा रकाना पुरेशी शहानिशा न करताच भरला गेल्याचे त्याला आढळले. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही, असा बहुमताचा कौल पडला. दोन भारतीय सदस्यांनी आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदविली. निष्कर्षांइतकीच ही मतभिन्नताही इतिहासाने लक्षात ठेवावयास हवी.

१५/ शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या त्या शिफारशी. परवान्याशिवाय लागवड नको. लागवड मोजक्या टापूंत एकवटावी. माल सरकारी कोठारात यावा. पुरेसा कर असावा. दुकाने आणि बाळगण्याची मर्यादा ठरवावी. म्हणजे बंगाल आणि खांडव्याचा नमुना इतरत्र न्यावा. परिणामी ज्या गावांत हे पीक कपाशीच्या बांधावर सहज वाढत असे, तेथून ते हद्दपार झाले. त्याच्याबरोबर ते ओळखणारी नजरही मोजक्या खेड्यांत जाऊन बसली. नौगावच्या उत्पादकांनी तर १९१७ मध्ये सहकारी संस्था स्थापून हा धंदा संघटित केला.

१६/ याच काळात एक निराळे सत्य पुढे आले. प्रेन यांच्या निरीक्षणानुसार साठविलेला गांजा वर्षागणिक निस्तेज होत जातो आणि काही वर्षांत निरुपयोगी ठरतो. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये हे औषध पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले होते. पुढे युरोपातील डॉक्टरांची तक्रार असे, की एका बाटलीतील अर्क लागू पडतो, दुसरीतील पडत नाही. काढणी केव्हा झाली आणि माल किती जुना, हे लंडनच्या औषधविक्रेत्याला कळणार कसे? नौगावच्या शेतकऱ्याचा एक आठवडा हजारो मैलांवरच्या रुग्णाच्या चमच्यात उतरत होता.

१७/ झाड ठरावीक दिवसांतच का फुलते, हे मात्र अजून कोणासच ठाऊक नव्हते. थंडी? ओल? वय? उत्तराचा पहिला धागा पॅरिसमध्ये सापडला, आणि तोही याच वनस्पतीत. ज्यूलियन टुर्नोआ हा तरुण शास्त्रज्ञ १९१० नंतर हॉप आणि हेंप यांवर प्रयोग करीत होता. रोपांना दिवसाचा उजेड कमी तास मिळाला तर ती अकाली फुलतात, असे त्याला दिसले. शोध पूर्णत्वाला नेण्यापूर्वीच, १९१४ मध्ये, तो महायुद्धात मारला गेला.

१८/ १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर तोच नियम सिद्ध केला आणि त्याला 'फोटोपिरिऑडिझम' असे नाव दिले. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी एक पायरी गाठली: वनस्पती मोजते ती दिवसाची नव्हे, अखंड अंधाराची लांबी. म्हणजे रात्र. शेतकऱ्याने शतकानुशतके नक्षत्रांवरून जे साधले होते, त्याचे कारण आता कळले. मृगाला पेरलेले झाड दिवाळीकडे का झुकते, याचे उत्तर रात्रीत होते.

१९/ केळापूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. फरक थोडा, पण झाडाला तेवढा पुरतो. पावसाळ्यात ते वाढते, रात्री लांबू लागल्या की फुलावर येते. म्हणून या अक्षांशावर गावोगावचे पीक जवळजवळ एकाच वेळी तयार होई, आणि म्हणूनच अबकारी खात्याला केव्हा पहारा वाढवावा हे ठाऊक असे. झाडाचे घड्याळ सरकारच्या कॅलेंडरला उपयोगी पडत होते.

२०/ आता उत्तरेकडे जाऊ. रशियात व्होल्गाकाठी साराटोव्ह ५१ अंशांहून वर आहे. उन्हाळ्यात तेथे दिवस साडेसोळा तासांच्या आसपास जातो. रात्री लांबण्याची वाट पाहणारे झाड तेथे बी धरण्यापूर्वीच हिवाळ्यात सापडेल. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या भागातील रानटी, खुज्या झाडांचे वर्णन करून त्यांना 'कॅनाबिस रुडेरालिस' हे नाव दिले. ती स्वतंत्र जाती मानावी की नाही, यावर आजही वाद आहे. पण तिच्यात एक विलक्षण गुण होता: ती रात्रीची वाट न पाहता, वयात आली की फुलते.

२१/ आज जगात 'ऑटोफ्लॉवरिंग' म्हणून ओळखले जाणारे वाण याच गुणाच्या संकरातून आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते बाजारात पसरले. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये घरगुती लागवडीस मर्यादित मुभा दिल्यावर तेथे काढणीच्या वेळेचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. झाड ऋतूपासून सुटले, तशी कॅलेंडरची मदतही सुटली. मृग, दसरा, संक्रांत यांपैकी काहीच त्याला लागू नाही. तेथील लोक भिंगाने राळेच्या सूक्ष्म ग्रंथींचा रंग पाहतात. म्हणजे फिरून प्रश्न येतो तो नजरेपाशी. परखदाराच्या डोळ्याला केवळ काच लागली.

२२/ भारतात मात्र इतिहासाने दुसरे वळण घेतले. १९२५ च्या जिनिव्हा करारात 'इंडियन हेंप' आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले. १९६१ च्या करारात व्याख्या ठरली: फुलोरा किंवा फळधारणा झालेले शेंडे, शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया वगळून. भांगेची भारतीय परंपरा या वगळण्यात सामावली. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या एनडीपीएस कायद्याने गांजाची हीच व्याख्या स्वीकारली. परवान्याविना लागवड हा गुन्हा ठरला. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

२३/ येथे काढणीचा जुना प्रश्न न्यायालयात शिरतो. बाळगण्याच्या गुन्ह्यात एक किलोहून कमी ते 'अल्प' आणि वीस किलोहून अधिक ते 'व्यापारी' प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे. मग तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत सापडलेली झाडे मुळे, माती, खोड आणि पाने यांसह तोलायची की केवळ शेंडे? पंचनाम्यातील त्या एका आकड्यावर माणसाचे आयुष्य तोलले जाते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात स्पष्ट केले, की शेंड्यांची जोड नसलेली पाने आणि बिया 'गांजा' या व्याख्येत बसत नाहीत. नौगावला कराचे दर ठरविणारा काडी-फुलोऱ्याचा भेद शंभराहून अधिक वर्षांनी शिक्षेची वर्षे ठरवू लागला.

२४/ कायद्याने एक खिडकी उघडीही ठेवली आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तंतूसाठी हेंपच्या लागवडीचे परवाने देण्यास आरंभ केला. अट अशी, की मादक घटक ०.३ टक्क्यांच्या आत असावा. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती रेषा आखली आणि पुढे ती कायद्यांत शिरली. फुलोरा पिकत जाताना हे प्रमाण बदलते. त्यामुळे परवानाधारक शेतकऱ्यालाही नमुना केव्हा घेतला जाईल, याची काळजी वाहावी लागते.

२५/ या साऱ्या इतिहासात झाड फारसे बदलले नाही. बदलत गेला तो 'तयार आहे' असे म्हणण्याचा अधिकार. तो आधी परखदाराकडे होता, मग मोजणीदाराकडे, मग प्रयोगशाळेकडे, आता पंचनाम्याच्या तराजूकडे. आयोगाच्या छापील खंडांत अधिकाऱ्यांची नावे पानोपानी आढळतात. शेतात ओळीओळीने फिरून, कळी उमलण्यापूर्वी झाड ओळखणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला आला तो केवळ हुद्दा. जिज्ञासूंनी ते खंड उघडले तर लागवडीच्या प्रकरणापासून आरंभ करावा: अहवालाच्या भाषेआडून शेतकऱ्याचा आवाज ऐकू येतो तो तेथेच.